चिन्नोर नावाचा दगड

शकुनबाई खोब्रागडेचे समोरचे दोन दात बाकीच्या दातांपेक्षा आखूड आहेत. किडलेले नाहीत, तुटलेलेही नाहीत. झिजलेले आहेत, आणि तेही तिरपे. मागे अड्याळला दातांचं मोफत शिबिर लागलं होतं, तेव्हा एका तरुण डॉक्टरने बॅटरी मारून पाहिलं आणि विचारलं, "आजी, तंबाखूचा खर्रा खाता का?"

"नाई बाप्पा," शकुनबाई म्हणाली, "दगड खाते."

डॉक्टर हसला. त्याला वाटलं, म्हातारी गंमत करते आहे. पण शकुनबाई गंमत करत नव्हती. एकतीस वर्षं ती दगड दाताखाली धरत आली होती आणि त्याच दातांच्या जोरावर तिने घर चालवलं, पोराला शिकवलं, त्याचं लग्न लावून दिलं. दात झिजले याचं तिला वाईट वाटत नसे. उलट कोणी विचारलं तर ती ओठ वर करून दाखवायची.

अड्याळहून कोंढ्याकडे निघालं की धानाच्या बांध्यांमध्ये एकाएकी पांढरी बाभूळ दिसते. मग पांढरा विजेचा खांब, मग पांढऱ्या पाठीची म्हैस. तिथे केशवराव गभणे यांची फॅक्टरी आहे. बोर्डावर तिचं नाव चांगलं लांबलचक आणि इंग्रजी आहे, पण गावासाठी ती नुसती 'पावडर'. सून कुठे गेली, असं विचारलं तर म्हाताऱ्या सांगतात, "पावडरीत." ट्रकने खाणीतला दगड येतो, बाया टिनाच्या शेडमध्ये बसून तो हातोडीने फोडतात आणि निवडतात, मग तो चक्कीत जातो आणि पिठासारखा होऊन बोऱ्यांत भरला जातो. वैद्यांच्या जुन्या पोथ्यांत या दगडाला शंखजिरे म्हणतात, सरकारी कागदांत सोपस्टोन. नखाने ओरखडा उठेल इतका तो मऊ असतो.

या दगडाचं काम भर घालण्याचं. किराणा दुकानदाराने महाग मालात स्वस्त माल मिसळला तर आपण त्याला भेसळ म्हणतो. कारखान्याने तेच केलं तर त्याला फिलर म्हणतात आणि त्याचं टेंडर निघतं. साबणात हा दगड, रंगात हा दगड, भिंतीच्या पुट्टीत, टायरच्या रबरात, गोळ्या-औषधांत हाच. अलीकडे तर गाड्यांचे बंपर प्लास्टिकचे झाले आणि त्या प्लास्टिकला कडकपणा यावा म्हणून हीच पावडर हवी झाली. पुण्याकडच्या एका कंपनीने मागणी सुरू केल्यापासून चक्की दोन पाळ्यांत चालू लागली आणि शेडमधल्या बाया बाराच्या एकोणीस झाल्या.

मागणी वाढली तसे कागदही वाढले. पूर्वी ट्रकवाल्याकडे एक पावती असली की पुरे. मग हा दगड गौण खनिजांच्या यादीत गेला, तेव्हापासून जिल्ह्याच्या कचेरीतून पास आणावे लागू लागले. मग धुळीचे नियम आले, मास्क आले, आणि बायांनी ते मास्क हनुवटीला लावले. दोन वर्षांपूर्वी पुण्याच्या कंपनीने आणखी एक नियम घातला. प्रत्येक लॉटसोबत एक चिठ्ठी पाहिजे: दगड कोणत्या खाणीचा, कोणत्या तारखेला फोडला आणि तो कोणी निवडला. म्हणून प्रत्येक बाईला नंबर मिळाला. शकुनबाईचा नंबर एक. तो तिने मागून घेतला नव्हता, पण दुसरा कोणता दिला असता तर तिने आठ दिवस तोंड फुगवलं असतं हे केशवरावांना ठाऊक होतं.

या मानाचं कारण तिचे दात. शकुनबाईची आई धानाची चुरणी, म्हणजे मळणी, झाली की चार दाणे तोंडात टाकायची. दाताखाली कट् वाजलं तर धान वाळलं. दबलं तर आणखी एक दिवस ऊन. भंडाऱ्याकडच्या या झाडीपट्टीत ही परीक्षा कोणाला शिकवावी लागत नाही. शकुनबाई पावडरीत लागली तेव्हा केशवरावांचे वडील मालक होते. निवडलेल्या दगडात गार राहिली, म्हणजे कडक गारगोटीचे कण राहिले, तर गिऱ्हाईक माल परत पाठवतं, म्हणून ते रोज डोकं धरून बसत. नव्या पोरीने दगड नखाने खरवडला, चिमूटभर भुकटी समोरच्या दातांत धरली आणि म्हणाली, "याच्यात गार हाय. करकर करते." नागपूरहून आठ दिवसांनी रिपोर्ट आला. त्यात तेच लिहिलं होतं. त्या दिवसापासून एक नंबरच्या, म्हणजे सगळ्यांत चांगल्या मालाच्या, ढिगावर शकुनबाई बसली, आणि नागपूरचा रिपोर्ट पुढेही तिच्या मागून आठ दिवसांनी येऊन तिचीच री ओढत राहिला.

आता जे सांगायचं ते इथून सुरू होतं.

दगडांमध्ये अधूनमधून एक वेगळा दगड यायचा. शंभरात एक, कधी हजारात एक. रंगाने पांढराच, पण फोडला की आत बारीक रेघा, केस विंचरून ठेवल्यासारख्या, आणि त्यावर उजेड पडला की चमकायचा. बोटाने चोळला तर मऊ रेशमी धागे सुटायचे. दाताखाली तर कणसुद्धा लागायचा नाही. शकुनबाईने तो पहिल्यांदा चावून पाहिला तेव्हाच ठरवलं, हा सगळ्यांत उंची माल. तिचा हिशेब धानाचा होता. जे बारीक, जे तोंडात मऊ, ते भारी. भंडाऱ्याकडचा बारीक सुवासिक तांदूळ म्हणजे चिन्नोर, म्हणून तिने या दगडाला नाव दिलं चिन्नोर. शेडमध्ये तेच नाव रूढ झालं. चिन्नोर सापडला की एक नंबरच्या ढिगात, तोही वर, दिसेल असा.

आणि एक रिवाज होता. पावडरीतल्या बाईच्या घरी मूल झालं की बारशाला शकुनबाई एक स्टीलचा डबा न्यायची. त्यात बाळाच्या अंगाला लावायची पावडर, तीनदा फडक्यातून गाळलेली. दुकानातली पावडर महाग आणि वासाची. ही फुकट आणि हाताची. मालकांची ना नव्हती. डब्यात काय आहे असं कोणी विचारलं तर शकुनबाई म्हणायची, "एक नंबरच हाय, दुसरं काय!" खरं तर त्यासाठी ती वर्षभर चिन्नोरचे तुकडे पदराला बांधून बाजूला ठेवायची आणि घरी पाट्यावर वाटायची. ते मात्र ती कोणाला सांगत नसे. इतका उंची माल घरी नेते म्हणून कोणी नाक मुरडू नये, आणि दुसरं म्हणजे, देणाऱ्याने सांगितलं की देण्याची गोडी जाते. असे सव्वीस डबे तिने दिले होते. पहिला डबा घेणाऱ्या पोराला आता स्वतःचं पोर आहे.

सव्विसावा डबा दामिनीच्या राखीला. दामिनी भुरे कोंढ्याची, चोवीस वर्षांची, दोन वर्षांपूर्वी पावडरीत लागलेली. नवरा धर्मेंद्र नागपुरात भिंतींना पुट्टी मारतो. बायको दगड निवडते, नवरा तोच दगड भिंतीला फासतो, शकुनबाई चिडवायची, "तुमच्या दोघांचा संसार एकाच बोरीत हाय वो." दामिनी कमी बोलणारी, पण हाताची चपळ. शकुनबाईने तिला शेजारी बसवून घेतलं आणि सगळं शिकवलं: खरवडायचं कसं, चावायचं कसं, थुंकायचं कुठे. राखीपौर्णिमेला मुलगी झाली म्हणून नाव राखी ठेवलं. पाच महिन्यांनी दामिनी परत कामावर आली. फेब्रुवारीत शकुनबाईच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि तीन आठवडे घरी बसावं लागलं, तेव्हा तिने मालकांना सांगून एक नंबरच्या ढिगावर दामिनीलाच बसवलं.

नेमक्या त्या तीन आठवड्यांत खाणीत नवा भाग उघडला आणि त्यात चिन्नोर भरपूर निघाला. दामिनीने तो शिकवल्याप्रमाणे एक नंबरात टाकला. शकुनबाई पट्टी काढून आली, ढीग पाहिला आणि दामिनीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "पास झाली तू."

एप्रिलच्या शेवटी पुण्याहून पत्र आलं. लॉट नापास. पाठोपाठ मे महिन्याच्या उन्हात नागपूरच्या तपासणी कंपनीची एक मॅडम आली. अंगावर पांढरा कोट, हातात लॅपटॉप, आणि बोलायला साधी. तिने शेडमध्ये बायांना गोळा केलं आणि पडद्यावर एक फोटो दाखवला. हजार पटीने मोठी केलेली पावडर होती ती. गोल कणांमध्ये लांब, टोकदार काड्या पडल्या होत्या.

"हे तंतू बघा," मॅडम म्हणाली. "जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत जे तंतू घालायचे ना, त्या जातीचे आहेत. दगडात मिसळलेले सापडतात. दगड ओला असेल तर उडत नाहीत, कोरडे उडतात. श्वासातून आत गेले की छातीत अडकून बसतात, बाहेर निघत नाहीत. त्रास व्हायचा तर वीस-तीस वर्षांनी होतो. म्हणून आता प्रत्येक लॉट तपासतात. बाळाच्या पावडरीत जाणाऱ्या दगडात तर याचा एक तंतूसुद्धा चालत नाही."

शकुनबाई मागे उभी होती. ऑपरेशन झालेल्या डोळ्याने तिला सगळं स्वच्छ दिसत होतं. हा दगड कोणता हे तिला सांगावं लागलं नाही. तिने खांबाला हात टेकला आणि तो तसाच ठेवला.

दामिनी शेडमध्ये नव्हती. तिला मालकांनी ऑफिसात बोलावलं होतं. लॉटच्या चिठ्ठीवर नंबर होता चौदा, तो तिचा. थोड्या वेळाने केशवराव तिला घेऊन बाहेर आले. माणूस तसा वाईट नाही. पण पुण्याची मागणी गेली तर दोन पाळ्यांची एक होईल, एकोणिसांतल्या सात-आठ बाया घरी बसतील, आणि कंपनीला काहीतरी करून दाखवावं लागेल, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

"कोणत्या दगडानं घोळ केला, तुले सांगता येत नाई," ते सगळ्यांसमोर म्हणाले. "निवडला तूच. मंग मी काय करू? शनिवारपर्यंत ये. सोमवारपासून नको येऊ."

दामिनीने एकदाच वर पाहिलं. शकुनबाईकडे. मग मान खाली घातली. "मावशीनं शिकवलं तसंच केलं" हे शब्द तिच्या तोंडात आले असणार, पण तिने ते गिळले. दामिनीने ते गिळलेलं शकुनबाईला दिसलं. एकतीस वर्षं जिचं तोंड कोणी बंद करू शकलं नव्हतं, ती त्या दिवशी गप्प राहिली.

मी तिची बाजू घेणार नाही, पण तिच्या जागी उभं राहून पाहा. बोलायचं म्हणजे काय बोलायचं? की ज्या दातांवर तुम्ही विसंबलात ते दात एकतीस वर्षं विष पास करत आले? की पहिला नंबर जिला दिलात तिचा नंबर काढून घ्या? गावात तिला दुसरी ओळख नव्हती. जमीन नव्हती, शिक्षण नव्हतं, नवरा कधीच गेलेला. होती ती एकच गोष्ट: शकुनबाईने चावून सांगितलं म्हणजे झालं. बाई घाबरली होती. सरळ घाबरली होती.

संध्याकाळी घरी सून सरिता भाकरी टाकत होती. नऊ वर्षांची नात श्रावस्ती भिंतीला टेकून पाढे म्हणत होती. शकुनबाई तिच्याकडे पाहत राहिली आणि मग सहज विचारावं तसं म्हणाली, "सरिता, ही लहान होती तवा हिले कोणती पावडर लावत होतो गं?"

"काहून? तुमच्या डब्यातली," सरिता म्हणाली. "तुम्हीच लावत होत्या. मले हात नाई लावू देल्ला तुम्ही. अख्खी पांढरीफटक करून सोडत होत्या पोरीले, शिंका येत बिचारीले."

शकुनबाईने ताट पुढे सरकवलं आणि उठली. पोट दुखतं म्हणाली.

दुसरा दिवस शनिवार. मॅडम सकाळपासून ढिगातून नमुने उचलत होती. जिथे हात जाईल तिथला दगड, पिशवीत, वर नंबर. केशवराव मागे मागे फिरत होते. ते रंग ओळखणारं निवडीचं मशीन घ्यावं का, असं विचारत होते. मॅडम म्हणाली, "घेऊन उपयोग नाही. रंग सारखाच आहे. मशीन याला पांढरा म्हणून पास करेल."

दामिनी कोपऱ्यात दोन नंबरचा दगड फोडत होती. शेवटचा दिवस असूनही ती काम कमी करत नाही, हे शकुनबाईला तिच्या हातांकडे पाहून कळलं, आणि तेवढं पुरे झालं.

शकुनबाई उठली. हौदावर जाऊन पदर भिजवला, नाकाला बांधला. दुसरं एक फडकं भिजवून हातात घेतलं. मग ती एक नंबरच्या ढिगाशी वाकली आणि दगड उचलू लागली. एक इथला, एक तिथला, एक तळातून उकरून. खरवडला नाही, चावला तर नाहीच. नुसता उजेडात तिरपा धरून पाहायची आणि फडक्यात ठेवायची. शेडमधल्या हातोड्या एकेक करून थांबल्या. दहा मिनिटांत अकरा दगड झाले. ते ओलं गाठोडं तिने नेऊन मालकांच्या पायाशी ठेवलं.

"हा पाहा मालक, तुमचा घोळ."

केशवरावांना आधी कळलंच नाही. "हा तर चिन्नोर हाय," ते म्हणाले.

"चिन्नोरच हाय."

"तुमी तर एक नंबर म्हणत होत्या याले!"

"म्हणत होती. एकतीस साल म्हटलं. दामिनीले बी मीच म्हटलं. तिनं तिच्या मनानं एक दगड नाई टाकला. चिठ्ठीवर नंबर तिचा असन, पण दगड माह्या नंबरचा हाय. काढाचं तर मले काढा."

केशवरावांचा चेहरा लाल झाला. "तुमाले कोणी सांगतलं होतं हा चांगला म्हणून?"

"माह्या दातानं," शकुनबाई म्हणाली. "तुमच्या बापानं माह्यावर भरोसा ठेवला, तुमी ठेवला. मी दातावर ठेवला. दाताले गार समजते, मालक. हे नाई समजलं त्याले."

मालक खूप बोलले. बोलायचा त्यांना हक्क होता. किती लॉट गेले, कुठे कुठे गेले, आता कोणाकोणाला काय काय सांगू, असं बरंच. शकुनबाईने सगळं उभ्याने ऐकून घेतलं. शेवटी मॅडमच मध्ये पडली. तिने ते गाठोडं पिशवीत बंद केलं आणि म्हणाली, "सर, दोन दिवस मी नमुने घेते आहे, मला एक दगड सापडला नाही. यांनी दहा मिनिटांत अकरा काढले. हे तेच असतील तर यांना काढू नका. यांना दारात बसवा."

नागपूरचा रिपोर्ट नेहमीप्रमाणे आठ दिवसांनी आला आणि नेहमीप्रमाणे शकुनबाईने सांगितलं तेच त्यात होतं. अकरापैकी अकरा. खाणीचा तो नवा भाग बंद झाला. गोदामातला माल अडकवून ठेवला. सगळ्या बायांच्या छातीचे फोटो काढायचं ठरलं. मास्क हनुवटीवरून नाकावर आले. पुण्याची मागणी अर्धी राहिली, पण राहिली. शकुनबाईला ट्रक उतरतो तिथे बसवलं, समोर पाण्याची टाकी, आणि काम एकच: चिन्नोर ओळखून बाहेर काढायचा. चावायला सक्त मनाई. नंबर एकच राहिला. दामिनीचं नाव हजेरीत कायम राहिलं.

मॅडम गाडीत बसताना शकुनबाईने तिला एकटीला गाठून विचारलं होतं, "मॅडम, हा दगड कोणी अंगाले लावला असन तं?"

मॅडमने तिच्याकडे नीट पाहिलं. "अंगाला लागून काही होत नाही, मावशी. उडालेलं श्वासात गेलं तर. थोड्याने बहुतेकांना काही होत नाही. पण छातीठोक कोणी सांगू शकणार नाही. ज्यांनी वापरला त्यांना सांगून ठेवा. वापरू नका म्हणावं, आणि खोकला लांबला तर डॉक्टरला हे सांगा म्हणावं."

सांगून ठेवा. हे ऐकायला सोपं होतं. मालकांसमोर बोलली तेव्हा तिच्यासमोर दुसरी वाटच नव्हती. दामिनीचे हात दिसत होते. डब्यात काय होतं हे मात्र तिच्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं. ती बोलली नसती तर जन्मभर कोणाला कळलं नसतं. त्या आठ दिवसांत तिने स्वतःला हे बऱ्याचदा सांगून पाहिलं.

रिपोर्ट आला त्या आठवड्यातल्या रविवारी सकाळी ती ऑटोने कोंढ्याला गेली. दामिनी अंगण झाडत होती. शकुनबाईला पाहताच झाडू टाकून धावत आली, वाकून पाया पडली आणि रडू लागली. शेडमध्ये सगळ्यांसमोर तिला बोलता आलं नव्हतं.

"मावशी, तुमच्यामुळं वाचलं माह्यं काम."

"माह्यामुळंच गेलं बी असतं," शकुनबाई म्हणाली. "उठ."

दामिनीने खाट टाकली, राखीला आणून तिच्या मांडीवर दिलं. नऊ महिन्यांची पोर, गुबगुबीत, मानेवर आणि काखेत घामोळ्यांचे लाल पुरळ. तिने शकुनबाईचं बोट धरलं आणि सरळ तोंडात घातलं. दामिनी चहा ठेवायला आत गेली, ती येताना डबा घेऊन आली. स्टीलचा, शकुनबाईनेच दिलेला. उघडून तिने तळ दाखवला.

"पाहा, संपली. उन्हाळ्यात दिवसातून तीनदा लावली, तवा कुठं पोरीले झोप लागे. आता तुमी आल्याच हाय तं घेऊन जा, भरून द्या."

डब्याच्या कडेला पांढरी रेघ तेवढी उरली होती. शकुनबाई तिच्याकडे पाहत राहिली. परतायचं असेल तर हीच वेळ होती. डबा घ्यायचा, "देते" म्हणायचं, दुकानातली पावडर आणून भरून द्यायची. कोणाला काय कळणार होतं?

"दामिनी, बस इथं," ती म्हणाली. "याच्यात एक नंबर नव्हता. चिन्नोर होता."

दामिनी डबा हातात धरून समोर बसली.

"सव्वीस डबे देल्ले मी. सगळ्यायत तोच. चांगला म्हणून निवडून निवडून देल्ला. घरी पाट्यावर वाटला." मॅडम जे बोलली ते तिने शब्दाला शब्द सांगितलं. जास्त नाही, कमी नाही. अंगाने काही होत नाही, श्वासाने होतं. थोड्याने बहुतेकांना होत नाही. छातीठोक कोणी सांगू शकत नाही.

दामिनीने डबा खाली ठेवला. मग विचारलं, "श्रावस्तीले?"

"तिलेबी. पूरा डबा. सुनेले हात नाई लावू देल्ला मी. मीच लावला."

दामिनीने पुढे होऊन राखीला तिच्या मांडीवरून उचललं. हिसकावलं म्हणावं इतक्या जोरात. पोर रडली. दामिनी तिला घेऊन आत गेली आणि मोरीत पाणी ओतल्याचा आवाज आला, मग पुन्हा, मग पुन्हा. आत चहा उतू गेल्याचा वास आला. कोणी तो उतरवला नाही.

शकुनबाई खाटेवर बसून राहिली. उठून जावं असं तिला फार वाटलं. पण आता उठून गेली तर ते पळून जाणं झालं असतं. ऊन अंगणाच्या अर्ध्यावर आलं होतं. पोरीचं रडणं हळूहळू थांबलं.

दामिनी बाहेर आली तेव्हा राखी ओल्या केसांची, लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली, तिच्या कडेवर होती. दुसऱ्या हातात ओलं फडकं होतं. तिने वाकून डबा उचलला, झाकण लावलं, ओल्या फडक्यात घट्ट बांधला आणि शकुनबाईच्या पायाशी ठेवला. डोळे लाल होते. आवाज कोरडा होता.

"सव्वीस म्हणल्या ना?"

"हो."

"माह्या धरून का सोडून?"

"धरून. श्रावस्तीचा बी त्याच्यातच."

"म्हणजे सांगाचे चोवीस घरं राहिले." तिने राखीला दुसऱ्या कडेवर घेतलं. "मंग बसल्या काहून? ऊन चढून राहिलं."

आणि तिने चपला पायात घातल्या.